‘रिसर्च इंटरेस्ट’च्या रकान्यात मी काय लिहू?

पत्र :

मॅडम, नमस्कार. मी टीवायबीएला आहे, स्पेशल मराठी. आम्हाला भाषाविज्ञानाचा पेपर आहे आणि तो एकच पेपर असा आहे की परीक्षा नसली तरी मी त्याचं पुस्तक उघडून बसते. मला पुढे भाषाविज्ञानच शिकायचंय, जमलं तर युनिव्हर्सिटीत प्रोफेसर व्हायचंय. पण प्रोफेसर लोकांची माहिती वाचायला घेतली की भीती वाटते. एकेकाच्या नावापुढे सात-सात विषय, समाजभाषाविज्ञान, स्वनविज्ञान, भाषासंपर्क, बोलीविज्ञान, संकटग्रस्त भाषा, संगणकीय भाषाविज्ञान. एका माणसाला एवढं कसं येतं? मी भरतेय त्या एमएच्या अर्जात ‘रिसर्च इंटरेस्ट’ असा एक रकाना आहे, तो गेले कित्येक दिवस रिकामाच आहे. मला सगळंच आवडतं. मैत्रीण म्हणते सगळं आवडतं म्हणजे काहीच आवडत नाही. बाबा म्हणतात बीएड कर, भाषाविज्ञानवाल्याला नोकरी कोण देतं. नोकरी मिळेल असा इंटरेस्ट कोणता ते तरी सांगा. आणि अजून एक, आम्ही वऱ्हाडातले. आजी शाळेला ‘शाया’ म्हणते, आई घरात शाया आणि बाहेर शाळा, आणि मी कॉलेजात प्रेझेंटेशन देताना पटकन ‘डोया’ म्हणून गेले तर सगळा वर्ग हसला. अशा घरातल्या मुलीनं भाषेची प्रोफेसर व्हायचं म्हणणं बरोबर आहे का?

— गोंधळलेली

उत्तर :

प्रिय गोंधळलेली,

तुझं पत्र वाचून मला फार आनंद झाला, कारण त्या रकान्यात काय लिहायचं ते तू पत्राच्या शेवटच्या चार ओळीत लिहून टाकलंयस आणि तुला ते कळलेलंच नाही. तिथे येतेच मी. पण आधी त्या सात-सात विषयांच्या यादीची भीती घालवूया.

ती यादी कुणीही पहिल्या दिवशी ठरवून लिहिलेली नसते. वीस-पंचवीस वर्षं काम झाल्यावर मागे वळून बघितलं की जे दिसतं ते तिथे लिहिलेलं असतं. बहुतेकांचा मुळात एकच प्रश्न असतो, तो सुटत नाही, मग त्याच्या मागे जाता जाता एक शाखा शिकावी लागते, मग दुसरी. जॉन गम्पर्झ यांचं उदाहरण घे, कारण त्यांचं एक काम आपल्या महाराष्ट्रातलंच आहे. जर्मनीत जन्मलेला ज्यू माणूस, नाझींमुळे देश सोडून अमेरिकेत आला, डिग्री घेतली केमिस्ट्रीची. नंतर भाषाविज्ञानाकडे वळले आणि १९५४ साली मिशिगनमधून पीएचडी केली ती तिथल्या शेतकऱ्यांच्या एका जर्मन बोलीवर. लगेच उत्तर प्रदेशातल्या एका खेड्यात येऊन राहिले आणि तिथे जातीजातीत बोली कशी बदलते त्याच्यावर १९५८ मध्ये लेख लिहिला. मग आपल्या सांगली जिल्ह्यातलं कुपवाड. तिथे मराठी, कन्नड आणि उर्दू बोलणारे लोक पिढ्यान् पिढ्या शेजारी राहतायत, आणि गम्पर्झ आणि रॉबर्ट विल्सन यांनी १९७१ मध्ये दाखवलं की तिथल्या या तीन भाषांची वाक्यरचना एकमेकींच्या इतकी जवळ आलीये की एका भाषेतलं वाक्य शब्दाच्या जागी शब्द ठेवत दुसऱ्या भाषेत नेता येतं. शब्द मात्र ज्याचे त्याचे वेगळे राहिलेत. त्यानंतर नॉर्वे, मग ब्रिटनमध्ये स्थलांतरित आणि स्थानिक लोक यांच्यात बोलताना होणारे गैरसमज. आता त्यांच्या नावापुढे यादी करायची झाली तर बोलीविज्ञान, समाजभाषाविज्ञान, भाषासंपर्क, संवादाचं विश्लेषण असं बरंच काही येईल. पण नीट बघितलंस तर माणूस आयुष्यभर एकच गोष्ट विचारत होता, की लोक कोणाशी बोलतात आणि कोणाशी बोलत नाहीत त्याने भाषेचं काय होतं.

आपले अशोक केळकर घे. १९५८ साली कॉर्नेलमधून पीएचडी केली मराठीतल्या ध्वनींच्या आणि शब्दरूपांच्या अभ्यासावर, डेक्कन कॉलेजात शिकवलं, आणि पुढे अर्थविचार, काव्यविचार, समीक्षा असं करत करत २०१० चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला तो मराठीतल्या समीक्षालेखनाला. विशीतल्या केळकरांना अर्जात हे सगळं लिहायला सांगितलं असतं तर त्यांना तरी कुठून येणार होतं.

तर मैत्रिणीला सांग की सगळं आवडणं हा काही दोष नाहीये. फक्त अर्जात ‘सगळं आवडतं’ असं लिहिता येत नाही. मी पीएचडीच्या मुलाखती घ्यायला बसलेली आहे आणि तुला सांगते, समोरचा मुलगा ‘मला सोशिओलिंग्विस्टिक्समध्ये इंटरेस्ट आहे’ म्हणाला की आम्ही सगळे एकच विचारतो, म्हणजे नक्की कशात? आणि तिथे ऐंशी टक्के नाही पण बरीच मुलं गप्प होतात, कारण त्यांनी शाखेचं नाव निवडलेलं असतं, प्रश्न निवडलेला नसतो. शाखा म्हणजे प्रश्नापर्यंत जायची वाट. प्रश्न नसेल तर वाट कशाला हवी?

आता तुझ्या प्रश्नाकडे येऊ. आजी ‘शाया’, आई घरी शाया बाहेर शाळा, आणि तू कॉलेजात शाळा पण घाईत ‘डोया’. अगं, हे तीन पिढ्यांचं समोर चाललेलं परिवर्तन आहे! लोक असा डेटा शोधत गावोगाव फिरतात आणि तुझ्या एका घरात तो आहे. याला हात कसा घालायचा ते सांगते, म्हणजे सात शाखा कुठून येतात तेही कळेल.

पहिल्यांदा नुसतं ऐक. ळ म्हणताना जिभेचं टोक मागे वळून टाळूला लागतं आणि हवा बाजूने निसटते, य म्हणताना जीभ कुठेच टेकत नाही, नुसती पुढे टाळूच्या जवळ वर येते. आजी ‘शाया’ म्हणते तेव्हा ती ‘माया’तल्या य सारखाच य म्हणते, का दोन्हीमध्ये बारीकसा फरक आहे जो आपल्या कानाला कळत नाही? हे नुसत्या कानाने सांगता येणार नाही. त्यासाठी प्राट नावाचं सॉफ्टवेअर आहे, ॲमस्टरडॅमच्या दोन शास्त्रज्ञांनी केलेलं, एकदम फुकट, साध्या लॅपटॉपवर चालतं. त्यात रेकॉर्डिंग टाकलं की आवाजाचं चित्र दिसतं, स्पेक्ट्रोग्राम म्हणतात त्याला, आणि त्या काळ्या पट्ट्या कुठे वर जातायत कुठे खाली येतायत ते मोजता येतं. य ला दुसरा पट्टा चांगला वर चढतो, जीभ मागे वळवून काढलेल्या आवाजांना बहुतेक वेळा तिसरा पट्टा खाली ओढला जातो. म्हणजे तू स्वनविज्ञानात शिरलीस.

मग प्रश्न येतो की ‘माळा’ आणि ‘माया’ दोन्ही जर ‘माया’ झाले तर आजीच्या बोलण्यात घोटाळा का होत नाही. मराठीत ळ ने शब्द सुरू होत नाही, य ने होतो, मग आजीच्या डोक्यातल्या व्यवस्थेत ळ आहे की नाहीच? ही झाली स्वनव्यवस्था. पुढचं बघ. आजी ‘फूल’ला कधी ‘फूय’ म्हणत नाही. का? कारण तो ल वेगळा आहे. संस्कृतात शब्दाच्या मधे एकटा ल होता त्याचा मराठीत ळ झाला, फल चं फळ, काल चं काळ. आणि प्राकृतात जिथे जोड ल्ल होता तिथे मराठीत ल राहिला, फुल्ल चं फूल, गल्ल चा गाल. म्हणजे आजीने कुठलंही पुस्तक न वाचता हजार-दीड हजार वर्षांपूर्वीचा फरक तोंडात जपून ठेवलाय, ल ला हात न लावता फक्त ळ चा य करते. मला स्वतःला भाषाविज्ञानात सगळ्यात जास्त हे आवडतं, कुणी ‘अशुद्ध’ म्हणून हिणवलेल्या बोलण्यात एवढी शिस्त असते. इथे तू ऐतिहासिक भाषाविज्ञान केलंस.

मग आई. ती एकाच दिवसात दोन्ही बोलते, पण कुठे काय बोलायचं ते कसं ठरवते? मास्तरांशी बोलताना, बँकेत, फोनवर, बहिणीशी, रागावल्यावर? आणि तुझा वर्ग हसला ना, तोसुद्धा या अभ्यासाचाच भाग आहे, कारण ळ कडे जायचा जो जोर आहे तो त्या हसण्यातूनच येतो. अमेरिकन भाषाशास्त्रज्ञ विल्यम लबॉव्ह यांचं गाजलेलं काम नेमकं या जातीचं होतं. न्यूयॉर्कमध्ये तीन मोठी दुकानं, एक महागडं, एक मधलं, एक स्वस्तातलं. त्यांनी आधी चौथ्या मजल्यावर काय मिळतं ते बघून ठेवलं आणि मग खालच्या विक्रेत्यांना विचारत सुटले की अमुक वस्तू कुठे आहे, म्हणजे उत्तर ‘फोर्थ फ्लोर’ येणारच. त्यात र ऐकू येतो का नाही ते ऐकायचं, मग ऐकू आलं नाही असं दाखवून परत विचारायचं म्हणजे माणूस सावध होऊन बोलतो, आणि बाजूला होऊन टिपून घ्यायचं. महागड्या दुकानात र सगळ्यात जास्त निघाला, स्वस्तातल्यात सगळ्यात कमी. हे १९६६ साली छापून आलं आणि समाजभाषाविज्ञानाची दिशाच बदलली. जाता जाता सांगते, लबॉव्ह त्याआधी बरीच वर्षं शाईच्या कारखान्यात केमिस्ट होते, तिशी ओलांडल्यावर भाषाविज्ञान शिकायला आले. उशीर होतोय असं वाटलं तर हे लक्षात ठेव.

आणि तू राहतेस तो पट्टा तर भाषासंपर्काच्या दृष्टीनं फारच श्रीमंत आहे. मेळघाटात कोरकू, ती मुंडा भाषाकुळातली. जवळपास गोंडी, ती द्रविड. बुलढाणा जिल्ह्यात जळगाव जामोदच्या बाजूला निहाली, जिचं नातं जगातल्या कुठल्याच भाषेशी अजून पक्कं सिद्ध झालेलं नाही आणि बोलणारे २,०००-२,५०० च्या आसपास. वर मध्य प्रदेशातून हिंदी, पश्चिमेला खानदेशातली अहिराणी. वऱ्हाडीतला ‘मले’, ‘तुले’ कुठून आला, य कुठवर पसरलाय, शेजारच्या कोणाचा हात आहे का? आणि शेवटचं, फोनवर आजकाल बोलून टाइप करतात, त्या सॉफ्टवेअरला फक्त प्रमाण मराठीच शिकवलेली असेल तर आजीचं ‘शाया’ ते काय लिहील? झालं, संगणकीय भाषाविज्ञानही आलं. मोज किती शाखा झाल्या, आणि सगळ्या एका ळ च्या मागे.

म्हणून त्या रकान्यात असं काहीतरी लिही: ‘वऱ्हाडी बोलीत प्रमाण मराठीतल्या ळ च्या जागी य येतो. माझ्या कुटुंबात तीन पिढ्यांमध्ये याचं प्रमाण बदलताना दिसतं. हा बदल वय, शिक्षण आणि बोलण्याचा प्रसंग यानुसार कसा होतो हे मला ध्वनिमुद्रणाच्या आधारे अभ्यासायचं आहे. समाजभाषाविज्ञान आणि स्वनविज्ञान या दोन्ही अंगांनी याकडे बघायची इच्छा आहे.’ एवढंच. चार वाक्यं. वाचणाऱ्याला कळतं की ही मुलगी ऐकते, आणि ऐकलेल्यातून प्रश्न काढते. एमएला प्रवेश देताना यापेक्षा जास्त कुणाला काही नको असतं, आणि पुढे दोन वर्षांत तुझा प्रश्न बदलला तर कोणी तुला धरून विचारणार नाही.

पण नुसतं लिहू नकोस, करून बघ. सुट्टीत आजीचं रेकॉर्डिंग कर. आधी तिला नीट सांग की मी तुझं बोलणं टेप करतेय, कशासाठी करतेय, आणि तुला नको असेल तेव्हा बंद करीन. घरची आहे म्हणून विचारायचं नाही असं नाही, उलट इथेच सवय लागते. फोनवर केलंस तरी चालेल, फक्त असं ॲप घे जे डब्ल्यूएव्ही फाइल देतं, एमपीथ्री मध्ये आवाज दाबला जातो आणि मोजायला घेतल्यावर गोंधळ होतो. पंखा बंद, टीव्ही बंद. शब्द वाचायला देऊ नकोस, लिहिलेलं ‘शाळा’ बघितलं की माणूस शाळाच म्हणतो, त्यापेक्षा चित्रं दाखव, डोळा, फळा, माळ, कावळा. मग तिला लहानपणची एखादी गोष्ट सांगायला लाव आणि तू मधे बोलू नकोस, गोष्टीत रंगली की ती टेपरेकॉर्डर विसरते आणि खरं बोलणं तिथे मिळतं. आईचं कर, एखाद्या आत्येबहिणीचं कर. मग वही घेऊन बस आणि जिथे जिथे ळ येऊ शकला असता त्या सगळ्या जागा लिही, त्यातल्या किती ठिकाणी य आला ते मोज. फक्त य मोजू नकोस हं, जिथे ळ आला त्या जागाही मोजायच्या, नाहीतर टक्केवारीला अर्थ नाही. डेक्कन कॉलेज आणि राज्य मराठी विकास संस्था यांनी मराठीच्या बोलींचं जे सर्वेक्षण केलंय त्यातली गावोगावची रेकॉर्डिंग्ज ऑनलाइन ऐकायला मिळतात, तीही ऐक, तुझ्या भागातलं कुणी काय बोललंय ते बघ.

आणि ते वर्गातलं हसणं. मला त्याचा रागच आला. भाषाविज्ञानाच्या वर्गात बोली ऐकून हसू येत असेल तर शिकवणाऱ्याने तिथेच थांबून त्याच्यावर तास घ्यायला हवा होता. ज्या घरात दोन बोली खेळत असतात तिथलं मूल लहानपणापासून नकळत भाषेची तुलना करत असतं, तुला जी ओढ वाटतेय ती तिथूनच आलीये असं मला वाटतं. प्रमाण मराठी तुला येतेच, पत्र किती छान लिहिलंयस. वर वऱ्हाडी येते. फील्डवर जाशील तेव्हा तुझ्यापुढे लोक मोकळे बोलतील, माझ्यासारखीपुढे चांगले कपडे घालून प्रमाण भाषेत बोलायला लागतात.

आता बाबा. त्यांचा प्रश्न रास्त आहे आणि त्यांना गोड गोड उत्तर देऊ नकोस. आकडे सांग.

महाराष्ट्रात भाषाविज्ञानाचे स्वतंत्र विभाग हाताच्या बोटांवर मोजण्याइतके आहेत, पुण्यात डेक्कन कॉलेज, मुंबई विद्यापीठात एक. बाहेर दिल्लीत जेएनयू आणि दिल्ली विद्यापीठ, हैदराबादला विद्यापीठ आणि इफ्लू (इंग्रजी आणि परदेशी भाषांचं विद्यापीठ), बनारस, अलीगढ, शिवाय काही आयआयटींच्या मानव्यशाखेच्या विभागात भाषाविज्ञानाचे लोक असतात. म्हणजे प्रोफेसर व्हायचं तर महाराष्ट्र सोडायची तयारी पाहिजे, ही गोष्ट आत्ताच घरात बोलून घे, पाच वर्षांनी नको. बहुतेक केंद्रीय विद्यापीठांत एमएला सीयूईटी-पीजी ही प्रवेशपरीक्षा द्यावी लागते, त्याचे अर्ज वर्षाच्या शेवटाला किंवा नव्या वर्षाच्या सुरुवातीला निघतात, लक्ष ठेव.

एमए दोन वर्षं, त्यात ५५ टक्के तरी पाहिजेत (आरक्षित गटांना ५०), मग नेट, म्हणजे असिस्टंट प्रोफेसर व्हायला लागणारी राष्ट्रीय पात्रता परीक्षा. भाषाविज्ञान हा नेटचा स्वतंत्र विषय आहे. दोन पेपर मिळून ३०० मार्क, तीन तास, चुकलं तर मार्क कापत नाहीत. त्याच परीक्षेत वर आलीस आणि जेआरएफ, म्हणजे संशोधनाची शिष्यवृत्ती, मिळाली तर पहिली दोन वर्षं महिना ३७,००० रुपये आणि नंतर ४२,०००, वर घरभाडं, म्हणजे पीएचडी घरच्यांच्या पैशावर करावी लागत नाही. पीएचडीला नियमाने कमीत कमी ३ वर्षं आणि जास्तीत जास्त ६, त्यापुढे मुदतवाढ मिळते, मुलींना त्यातही थोडी जास्त. असिस्टंट प्रोफेसरचं मूळ वेतन सातव्या आयोगाप्रमाणे ५७,७०० पासून सुरू होतं आणि त्यावर महागाई भत्ता, प्रोफेसर झालीस की मूळ वेतनच १,४४,२०० पासून. हे आकडे बाबांना आवडतील. पण पूर्ण सांग, की मधली काही वर्षं तासिका तत्त्वावर किंवा कॉन्ट्रॅक्टवर जातात, जागा निघत नाहीत, निघाल्या तर एका जागेला ढीगभर अर्ज, आणि पर्मनंट होईपर्यंत बहुतेकांची तिशी उलटून गेलेली असते. हे लपवून पुढे गेलीस तर वाद त्या वेळी होईल आणि तेव्हा तुझ्या हातात काही नसेल.

दुसरी वाट पण आहे, ती लोक विसरतात. एमए मराठी कर, नेट मराठीतून दे आणि पीएचडी बोलीवर कर. मराठीच्या जागा गावोगावच्या कॉलेजात आहेत, भाषाविज्ञानाचा पेपर तिथे शिकवायला मिळतो, घराजवळ राहता येतं. तोटा हा की ध्वनी मोजणं, फील्डवर्कची पद्धत, वाक्यविन्यास हे सगळं तुला स्वतःचं स्वतः शिकावं लागेल, आणि उलटं जायचं म्हटलं तर जमत नाही, म्हणजे एमए भाषाविज्ञान केलेल्याला मराठीच्या जागेवर साधारणपणे घेत नाहीत. माझं मत विचारशील तर तू भाषाविज्ञान कर, कारण तुला पुस्तक परीक्षेशिवाय उघडावंसं वाटतं हे मी रोज बघत नाही. पण घरी पैशाची खरंच निकड असेल तर मराठीची वाट कमी दर्जाची आहे असं अजिबात समजू नकोस, बोलींवरचं कितीतरी मोलाचं काम मराठीच्या प्राध्यापकांनी केलंय. बीएड दोन वर्षांनी पण होतं, त्याला वयाची अशी घाई नाही, जेआरएफला मात्र वयाची अट असते, म्हणून क्रम लावायचा तर एमए आणि नेट आधी.

प्रोफेसरकीशिवाय काय, तर शब्दकोशाची कामं, पाठ्यपुस्तकं, म्हैसूरच्या भारतीय भाषा संस्थानातले प्रकल्प, आणि आता भाषा-तंत्रज्ञान. भाषिणी ही भारतीय भाषांच्या तंत्रज्ञानासाठीची सरकारची योजना २०२२ मध्ये सुरू झाली, कंपन्यांनाही भारतीय भाषांचा तपासलेला डेटा लागतो, आणि तो तपासणारा माणूस व्याकरण जाणणारा असला तर काम चांगलं होतं. यातली बरीच कामं प्रकल्पापुरती असतात हे लक्षात ठेव. पायथॉन ही प्रोग्रॅमिंगची भाषा थोडी शिकून ठेवलीस तर फार उपयोग होईल. आणि एक गैरसमज काढून टाक, एमए भाषाविज्ञान करून स्पीच थेरपिस्ट होता येत नाही, त्याची वेगळी डिग्री आणि रजिस्ट्रेशन असतं, दरवर्षी कुणीतरी या समजुतीवर प्रवेश घेतं आणि मग रडतं.

‘नोकरी मिळेल असा इंटरेस्ट कोणता’ हे विचारलंस. असा कुठला नाही. आज संगणकाची बाजू जोरात आहे म्हणून आवड नसताना तिकडे गेलीस तर पाच-सहा वर्षांच्या पीएचडीत तिसऱ्या वर्षी जीव नकोसा होईल, आणि जागा निघेल तेव्हा मुलाखतीत समोरचे तुझं काम बघतात, शाखेचं नाव बघत नाहीत. तुझ्या ळ च्या प्रश्नाला संगणकाची बाजू जोडता येतेच, ती जोड, मूळ प्रश्न सोडू नकोस.

शेवटी गाईडबद्दल, हे आत्ता लागणार नाही पण दोन वर्षांत लागेल. नावापुढची यादी वाचून गाईड निवडू नकोस. त्यांचे गेल्या चार-पाच वर्षांतले दोन लेख मिळव आणि वाच, अर्धे कळले नाहीत तरी चालेल, त्यांनी डेटा कुठून आणला, कसा गोळा केला तेवढं बघ. त्यांच्या विद्यार्थ्यांनी कशावर पीएचडी केली आणि ती पूर्ण झाली का, हे विद्यार्थ्यांनाच विचार, ते खरं सांगतात. प्रोफेसरकडे एका वेळी ८ पीएचडीचे विद्यार्थी असू शकतात, असोसिएटकडे ६, असिस्टंटकडे ४, त्यामुळे जागा आहे का ते आधी विचारायला लाजू नकोस. मेल लिहिताना ‘रिस्पेक्टेड सर’ नंतर स्वतःच्या मार्कांची कहाणी नको. तुमचा अमुक लेख वाचला, त्यात हे समजलं, हे समजलं नाही, माझ्याकडे तीन पिढ्यांची रेकॉर्डिंग्ज आहेत, मोजल्यावर असं असं निघालं, तुमच्याकडे यावर काम करता येईल का? दहा ओळीत संपव आणि मोजलेलं एक पान जोड. परीक्षा आणि पेपर तपासणीच्या दिवसांत पाठवू नकोस, वाचलीच जात नाही. दोन-तीन आठवडे उत्तर आलं नाही तर एकदा आठवण कर, त्यात वावगं काही नाही. तरीही आलं नाही तर दुसऱ्यांना लिही.

आजीचं रेकॉर्डिंग झालं की मला नक्की कळव, आणि ‘कावळा’ला ती काय म्हणते ते आवर्जून सांग.